बांधावरच्या भांडणात योग्य कलम लागावं म्हणून

अंबाजोगाईच्या कोर्टात मी फिर्यादींची बाजू पाहते. बांध कोरण्यावरून डोकं फुटलेला माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, तीनशे सात लावायला सांगा." म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं खुनाच्या प्रयत्नाचं कलम. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत १०९ झालंय. पण ठाण्यात कलमाचा आग्रह धरूच नका, हकीकत सांगा. कुणाच्या हातात काय होतं, वार कुठं बसला, मारताना तो काय बोलला, सोडवायला कोण धावलं. कुऱ्हाड असेल तर धारेनं मारलं की तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, हे सांगाच. जिवे मारायचाच हेतू होता का, हे यावरूनच दिसतं. नुसतं 'मारहाण केली' लिहिलं तर ११५(२), साधी दुखापत. ती अदखलपात्र; न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हाड किंवा दात मोडला असेल तर गंभीर दुखापत, कलम ११७(२), शिक्षा ७ वर्षांपर्यंत. एक्स-रेचा अहवाल उशिरा येतो आणि माझ्या पाहण्यात केस हलकी होते ती इथंच. अहवाल स्वतः तपास अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या, पुरवणी जबाब नोंदवा.

घरी झोपलेला भाऊ, म्हातारा बाप, यांची नावं घुसडू नका. मी अशी फिर्याद लिहून देत नाही. उलटतपासात एक नाव खोटं निघालं की खऱ्या आरोपीलाही त्याचा फायदा होतो, आणि निर्दोष माणूस विनाकारण तारखा भोगतो.

दोषारोपपत्रात पोलीस कलमं घालतात, सरकारी वकील आपलं मत मांडतात, पण आरोप निश्चित करतं ते कोर्ट, कागद वाचून. म्हणून आरोप निश्चितीच्या तारखेआधीच दवाखान्याचा दाखला घेऊन सरकारी वकिलांना भेटा, कमी पडलेलं कलम लेखी दाखवा. कोर्टाच्या परवानगीनं तुमचा वकील त्यांना मदत करू शकतो. तारीख हुकली तरी निकालाआधी आरोप बदलता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याचं, कलम २३९.

'खटला मागं घ्यायचं वर ठरलंय' असं कुणी सांगितलं तर घाबरून तडजोडीवर सही करू नका. याच संहितेच्या कलम ३६० प्रमाणे सरकारी वकिलाला त्यासाठी कोर्टाची संमती लागते, आणि पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट ती देऊ शकत नाही. त्या दिवशी हजर राहा, लेखी हरकत द्या आणि आदेशाची नक्कल मागा.