पेरणीआधी पाहून घ्या : तुमच्या शेतातले पाणी गावाच्या नळाला कोणत्या वाटेने जाते

पेरणीची धांदल सुरू होण्याआधी अर्धा दिवस काढा. गावाला पाणी पुरवणारी विहीर किंवा बोअर नेमकी कुठे आहे, किती खोल आहे आणि तुमचे रान तिच्या वरच्या अंगाला येते की खालच्या, हे पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या माणसाला विचारून घ्या. भूजल बहुधा जमिनीच्या उताराच्या दिशेनेच सरकते. खडक भेगांचा असेल तर मात्र हा अंदाज चुकू शकतो.

जमिनीतून पाणी सावकाश झिरपले तर माती ते चांगले गाळते. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवतीचा दुसरा संरक्षित पट्टा दिवसांवर ठरतो. ज्या रेषेपासून विहिरीपर्यंत यायला भूजलाला ५० दिवस लागतात, तिच्या आत शेतीवर निर्बंध असतात, कारण तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू मरतात. म्हणून शेत विहिरीपासून किती मीटरवर आहे, यापेक्षा पाण्याला मातीतून न गाळता थेट खाली जायला एखादी आडवाट आहे का, हे आधी शोधायचे.

आडवाट काय करते ते कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन या सुमारे ४,८०० वस्तीच्या गावात मे २००० मध्ये दिसले. जोराचा पाऊस झाला आणि शेजारच्या शेतात टाकलेल्या शेणखतातले ई. कोलाय जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. तिथे मातीचा थर पातळ आणि खालचा खडक भेगाळलेला होता. पाण्यातल्या क्लोरिनची तपासणीही नीट होत नव्हती. ७ माणसे दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. चौकशीत त्या शेतकऱ्यावर ठपका आला नाही, त्याने खत रीतसरच टाकले होते. सगळे नियमाने करूनही असे घडू शकते. म्हणूनच विहिरीचा पत्ता गावाने शेतकऱ्याला आपणहून सांगायला हवा असे मला वाटते.

आडवाटांमध्ये सर्वात वाईट म्हणजे बंद पडलेली बोअर. पाणी लागले नाही म्हणून दगड ठेवून सोडलेले ते भोक मातीचा सगळा थर ओलांडून थेट भूजलात उतरते. त्यात कचरा, रिकामे डबे किंवा मेलेले जनावर टाकू नका. नुसते झाकणही पुरत नाही. जाणकाराकडून ती खालपासून वरपर्यंत चिकणमाती किंवा सिमेंटच्या घोळाने भरून घ्या. चालू बोअरचा केसिंग पाइप जमिनीच्या वर निघालेला हवा, त्याच्या भोवतीची फट बुजवलेली हवी आणि ओटा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. पाइपाला लागून पाणी साचत असेल तर पहिल्या पावसाआधी भर टाका.

विहीर-बोअर पुनर्भरणाबद्दलही थोडे कडू बोलावे लागेल. पुनर्भरण चांगलेच, पण खत आणि तणनाशक पडलेल्या रानातले पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून थेट बोअरमध्ये सोडणे म्हणजे आडवाट आपल्याच हाताने खणणे. वाळू गाळ अडवते, पण खतातून येणारे, पाण्यात विरघळलेले नायट्रेट अडवत नाही. बोअरमध्ये सोडायचे तर स्वच्छ छताचे पाणी गाळून सोडा. शेतातले पाणी बांध-चरात अडवून मातीतून मुरू द्या.

फवारणीचे औषध विहिरीच्या काठावर कालवू नका. टाकी भरताना पाइपचे तोंड पाण्याच्या वरच ठेवा. ते बुडालेले असताना मोटर बंद पडली तर औषधाचे पाणी उलटे ओढले जाऊन विहिरीत जाते. ठिबकमधून खत देणाऱ्यांनी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) बसवावा आणि तो चालतो का, हे दर हंगामात पाहावे. रिकामा डबा तीनदा धुवा आणि ते पाणी त्याच फवाऱ्यात ओता. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने १ ग्रॅम औषध १ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेते.

आता युरिया. त्यातल्या नत्राचे मातीत नायट्रेट होते. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने उचलले नाही ते पावसाबरोबर खाली जाते. १० किलो नत्र वाया गेले तर त्याचे सुमारे ४४ किलो नायट्रेट होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ ९ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला ते पुरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेल्या दुधाचा धोका जास्त असतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून उपयोग नाही, उलट ते आटले की नायट्रेट दाट होते. क्लोरिननेही ते जात नाही.

म्हणून नत्राचा सगळा हप्ता पेरणीला टाकू नका. माती तपासून मात्रा ठरवा, ती दोन-तीन वेळा विभागून द्या आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर गोणी उघडूच नका. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या सरीत मिटत नाहीत, त्या भिजून मिटेपर्यंत थांबा. काढणीनंतर रान उघडे राहणार असेल तर खोल मुळांचे एखादे पीक घ्या, ते उरलेले नायट्रेट उचलते.

उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर हलवा आणि पावसात झाकून ठेवा. डिझेल इंजिनखाली पत्र्याचा ट्रे ठेवा.

घरच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि जोराच्या पावसानंतर एकदा तपासून घ्या. नायट्रेटसाठी स्वच्छ बाटली चालते. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. ती आधी उघडू नका, तोंडाला बोट लावू नका, नमुना गार ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. पाण्याचा रंग किंवा वास पावसानंतर लगेच बदलला तर निकालाची वाट न पाहता पिणे थांबवा आणि त्याच दिवशी पाणीपुरवठ्याच्या माणसाला कळवा. तुमच्या विहिरीला सापडलेली वाट गावाच्या विहिरीपर्यंतही गेलेली असू शकते.