परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडं घेताय? या चुका टाळा

चार-सहा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की माणूस आधी जात ठरवत बसतो, गिरिराज घेऊ की वनराज की सरळ गावठी, कडकनाथचा भाव काय चाललाय, आणि खुराड्याचं नंतर बघू, एखादा पत्रा आणि जाळी मारली की झालं. मग कोंबड्या घरी येतात, दोन रात्री पुठ्ठ्याच्या खोक्यात काढतात आणि घाईघाईत जे मिळेल ते खुराडं आणलं जातं. हे उलटं करा. आधी खुराडं उभं करा, जमलं तर एखादा पाऊस त्याच्यावर पडू द्या, गळतंय कुठं, पाणी साठतंय कुठं ते दिसेल, मग पक्षी आणा.

आणि खुराडं बघायला जाल तेव्हा कोंबडी मावेल का हे शेवटी बघा, आधी मुंगूस कुठनं शिरेल ते बघा. बाकी सगळं त्यातनंच ठरतं.

चिकन जाळीवर विसंबणं

सगळ्यात जास्त कोंबड्या या एका गोष्टीपायी जातात. दुकानात जाऊन कोंबड्यांसाठी जाळी द्या म्हटलं की तो ती षटकोनी भोकांची पातळ जाळी काढून देतो, स्वस्त असते, हातानं वाकते, लावायला सोपी. ही जाळी कोंबडीला आत ठेवते एवढंच तिचं काम, बाहेरच्याला ती थांबवत नाही. गावातलं कुत्रं जोर लावून ती फाडतं, एक-दोन पावसाळे गेले की बुडाशी गंजते आणि मग लाथेनंही तुटते. शिवाय भोकं मोठी, त्यातनं मांजर पंजा आत घालतं, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय किंवा मान हाताला लागली की तिथूनच ओढतं. सकाळी मालक म्हणतो कडी तर लावलेली होती, आत कोणी गेलंच नाही, मग ही मेली कशी.

वेल्डमेश मागा. अर्धा इंची चौकोनाची, जीआय म्हणजे जस्त चढवलेली, हाताला कडक लागणारी. गेज विचारताना एवढं लक्षात ठेवा की आकडा जितका लहान तितकी तार जाड, बरेच जण उलटं समजून 24 गेज घेऊन येतात. अख्ख्या आवाराला वेल्डमेश परवडत नसेल तर निदान रात्री झोपायच्या खुराड्याला आणि आवाराच्या खालच्या दोन-तीन फुटांना तरी तीच लावा, वरती साधी जाळी चालेल. अर्धा इंचाचा फायदा असा की मोठा उंदीर, घूस, चिमणी सगळंच बाहेर राहतं.

जाळी चांगली घेतली पण ठोकली स्टेपलर पिननं, तर पैसे वाया. रेडिमेड खुराड्यांमध्ये हमखास हेच असतं, बाहेरनं रंग झकास, आणि जाळीला आतून बोटानं ढकललं की पिना टपटप निघतात. घ्यायच्या आधी खरंच ढकलून बघा, दुकानदार काय म्हणेल याची लाज बाळगू नका. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारलेले पाहिजेत, नाहीतर स्क्रूखाली मोठा वायसर.

रात्री दार लावलं की झालं, हा समज

उदमांजर रात्री येतं, रानमांजर तिन्हीसांजेला आणि पहाटे, भटकी कुत्री बहुतेक रात्रीच. पण मुंगूस दिवसा फिरतं. भर अकराच्या उन्हात, तुम्ही ऑफिसला गेलेले, घरात म्हाताऱ्या आईबाबांचा डोळा लागलेला, तेव्हा ते येतं. दिवसा पिल्लांवर घार, शिक्रा, कावळा हेही आहेतच. म्हणजे रात्रीचं खुराडं किल्ल्यासारखं आणि दिवसाचं आवार मात्र चार काठ्या आणि जुनी साडी, हे चालत नाही. दिवसभर घरी कोणी नसेल तर दिवसाचं आवारही वरून झाकलेलं आणि खालून बंद पाहिजे. मोकळं सोडायचंच असेल तर संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर तासभर सोडा, दिवेलागणीला त्या आपसूक आत येतात.

वरच्या बाजूला घारीसाठी नायलॉनची जाळी चालते, स्वस्त पडते. पण तीच जाळी जमिनीपर्यंत खाली आणू नका. त्यात साप अडकतो, त्याला मागे जाता येत नाही, आणि सकाळी दाणे टाकायला गेलात की समोर अडकलेला जिवंत नाग. अशा वेळी काठी घेऊन धावू नका, सर्पमित्राला बोलवा. साप, मुंगूस, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मारणं, विष घालणं, फासे लावणं हे पर्याय डोक्यातनंच काढा. विष घातलेलं तर तुमचंच मांजर किंवा शेजाऱ्याचं कुत्रं खातं आणि मग वेगळीच भांडणं.

जमिनीकडे न बघणं

चारी बाजू मजबूत आणि खाली नुसती माती. घूस एका रात्रीत आत निघते, कुत्रं कडेनं उकरतं, मुंगूस तर आधीच्या घुशीच्या बिळाचा आयता रस्ता वापरतं. रात्रीच्या खुराड्याला खाली कोबा करा किंवा फरशी टाका, नाहीतर जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर घ्या आणि तळाला फळी किंवा वेल्डमेश. उंच खुराड्याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो, आणि खाली काय चाललंय ते वाकून दिसतं तरी.

दिवसाच्या आवाराला कोबा नको, कोंबडीला उकरायला आणि धुळीत लोळायला माती पाहिजेच, नाहीतर अंगावर उवा होतात. तिथे जाळी खाली आणून बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरायची, वर दगड किंवा माती टाकायची. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतं, तिथे जाळी लागली की दुसरीकडे जाऊन परत बुडाशीच प्रयत्न करतं, फूटभर मागे सरकून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. कोकणात जांभ्याचा दोन थरांचा जोता घालून त्यावर जाळी उभी करतात तेही उत्तम, फक्त चिऱ्यांच्या फटी सिमेंटनं भरून घ्या.

डालग्याबद्दल एक. पिल्लं आणि खुडूक कोंबडी दिवसा अंगणात डालग्याखाली झाकायला ठीक आहे, आजीपासून चालत आलंय. रात्री नको. घूस खालनं येते आणि पिल्लं एकेक करून नेते.

कडी

साधा आकडा कुत्रं नाकानं उचलतं. दाराला नुसती मधे एक कडी असेल तर खालचा कोपरा ढकलला की वाकतो आणि चार बोटं फट होते, मुंगसाला तेवढी खूप झाली. वर एक, खाली एक असे दोन बोल्ट लावा. कुलूपही लावा, दोन पायांचे चोर काय कमी नाहीत, विशेषतः गटारीच्या आसपास.

सुरक्षित म्हणजे गच्च बंद असं समजणं

ही चूक जरा शहाणी माणसं करतात. एकदा मुंगूस येऊन गेलं की घाबरून चारी बाजूंनी पत्रा ठोकतात, वर पत्रा, एक छोटं दार. मुंगूस येत नाही हे खरं, पण कोंबड्या आतच मरतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकून अंग थंड करते, आणि हवा खेळत नसेल तर तेही जमत नाही. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42-45 ला जातो तेव्हा पत्र्याच्या बंद पेटीत काय होत असेल विचार करा. पत्रा वापरायचाच तर वरून चुना मारा, त्यावर पाचट, कडबा, झावळ्या काहीतरी अंथरा आणि छत जरा उंच घ्या. मंगलोरी कौलं मिळाली तर पत्र्यापेक्षा ती कधीही बरी, फक्त कौलांखाली जाळी पाहिजे, कारण उदमांजर कौल सरकवून उतरतं.

थंडी-पावसात तर अजून वाईट. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळतात, आत विष्ठेचा अमोनिया साठतो, ओल साठते, आणि आठवड्यात शिंका, घरघर, डोळ्यांतनं पाणी सुरू. सकाळी दार उघडून तुम्ही स्वतः डोकं आत घाला, डोळे चुरचुरले तर समजा हवा कमी आहे. छताच्या खाली समोरासमोर दोन बाजूंना वीतभर उंचीची मोकळी पट्टी ठेवा, तिला वेल्डमेश. पाऊस ज्या बाजूनं येतो तिथे फक्त गोणपाट सोडा, बाकी उघडं राहू दे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन सरळ आत घुसत नाही, आणि छपराची वळचण दोन फूट तरी पुढे पाहिजे, कोकणात तीनही कमीच पडते.

माप

जाहिरातीत दहा कोंबड्यांचं खुराडं म्हणून जे विकतात ते बरेचदा पाचांचंच असतं. आत झोपायला दर कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट धरा, आणि बाहेरच्या आवारात जमेल तेवढं, आठ-दहा चौरस फुटांच्या खाली गेलात की एकमेकींची पिसं उपटायला सुरुवात. बसायच्या दांड्यावर एकीला आठ इंच. दांडा जाळीपासून लांब, फूटभर तरी, वर पंजाचं सांगितलंच. अंड्याचा खोका चार-पाच कोंबड्यांत एक पुरतो, पण तो दांड्यापेक्षा खाली पाहिजे, नाहीतर रात्री सगळ्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत.

जुनं खुराडं फुकटात मिळालं म्हणून उचलणं

फुकट मिळालं तरी जपून. लाकडाच्या फटींत लाल पिसवा (रेड माइट) असतात, दिवसा लपतात, रात्री रक्त पितात, आणि कोंबड्या नसतानाही महिनोन् महिने जगतात. आधीच्या मालकाच्या कोंबड्या मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं, गेल्या असतील तर ते तो सांगणार नाही. घासून धुवा, कडक उन्हात वाळवा, फटी भरा, चुना मारा, आणि तरी शंका असेल तर सोडून द्या. प्लायवूडचं असेल तर तसंही नको, पहिल्या पावसात फुगतं आणि खालनं वाळवी लागते.

दाण्याचं पोतं खुराड्यातच ठेवणं

दाण्यामागे उंदीर, उंदरामागे साप, ही साखळी तुम्हीच चालू करता. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दाणे ठेवा, आणि संध्याकाळी उरलेलं उचला. कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) त्रास आहे, उंदीर-घुशींच्या मुतातनं तो येतो, म्हणजे प्रश्न नुसता कोंबड्यांचा नाही. दाण्यापाण्याची जागा पक्क्या छपराखाली ठेवा, वरनं जाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा त्यात पडायला नको. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तो देशातला पहिला, 2021 ला परभणीत परत निघाला. परसातल्या चार कोंबड्यांना काय होतंय असं म्हणून चालत नाही.

काही झालंच तर कसं ओळखायचं

शंभर टक्के खात्री नसते, पण साधारण असं. पिसांचा सडा, तीन-चार कोंबड्या मारून तशाच टाकलेल्या, तर कुत्री. एक कोंबडी अख्खी गायब, थोडी पिसं पडलेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. मान किंवा डोकं खाल्लेलं आणि बाकी धड तसंच, तर मुंगूस किंवा उदमांजर, किंवा जाळीतनं ओढलेली, तेव्हा जाळीची ती बाजू तपासा. अंडं टरफलासकट गायब तर साप असू शकतो, टरफलं फुटून पडलेली असतील तर मुंगूस, कावळा, उंदीर, आणि हो, तुमचीच कोंबडीही, तिला एकदा चव लागली की लागली. ज्यानं नेली तो परत त्याच जागी येतो, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, म्हणून भोक सापडेपर्यंत कोंबड्या दुसरीकडे बंद ठेवा. शोधायची सोपी रीत म्हणजे रात्री खुराड्यात बॅटरी लावून ठेवायची आणि बाहेरनं बघायचं, जिथनं उजेड येतो तिथनं बाकीचंही जातं.

संध्याकाळी कोंबड्या आत जायलाच तयार नसतील, झाडावर चढत असतील, तर त्यांना हट्टी म्हणू नका. रात्री उशिरा जाऊन दांड्याच्या खालच्या बाजूला पांढरं कापड पुसून बघा, तांबडे डाग पडले तर पिसवा. डाग नसतील तर आत उकाडा आहे, गर्दी आहे किंवा रात्री काहीतरी भोवती फिरतंय, सकाळी कडेच्या मातीत पावलं दिसतात का बघा, थोडी बारीक वाळू पसरून ठेवली की ठसे चांगले उमटतात.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उसाच्या पट्ट्यात राहत असाल तर यातलं बरंचसं अपुरं आहे. बिबट्यापुढे वेल्डमेश टिकत नाही. तिथे विटांची भिंत, लोखंडी दार, वर लोखंडी ग्रिल आणि खुराडं घराला लागून, उसाच्या कडेला तर अजिबात नाही. बिबट्या दिसला तर वन खात्याचा 1926 नंबर आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि सोसायटीच्या मागच्या जागेत ठेवणार असाल तर कोंबडा घेऊ नका. अंड्यांसाठी तो लागतच नाही, आणि पहाटे चारला आरवला की तुमच्या खुराड्याला सगळ्यात मोठा धोका पहिल्या मजल्यावरनं.