मराठी-इंग्रजी कोशाचे सॉफ्टवेअर: निवड, मांडणी आणि न सापडणारे शब्द

कोशाचे ॲप किंवा सॉफ्टवेअर घेताना आपण आधी शब्दसंख्या बघतो. ‘दोन लाख शब्द’ असे वाचले की समाधान होते. अडते मात्र दुसरीकडेच. पुष्कळदा शब्द कोशात असतो, पण आपण टाइप केलेले रूप आणि कोशातल्या नोंदीचे रूप जुळत नाही. म्हणून निवड करताना आकडा सोडा आणि शोध कसा चालतो ते तपासा.

त्यासाठी सात शब्द पुरतात: पैशाने, विहिरीत, दुधात, मडक्यात, गेली, दुसऱ्या, ॲप. हे एकेक करून शोधपेटीत टाका. पहिल्या चार शब्दांना पैसा, विहीर, दूध आणि मडके सापडले आणि ‘गेली’ला ‘जाणे’ मिळाले, तर त्या सॉफ्टवेअरला मराठीची सामान्यरूपे (प्रत्यय लागताना शब्दाचे होणारे बदललेले रूप, जसे पैसा–पैशा) आणि क्रियापदांची रूपे कळतात. असे सॉफ्टवेअर क्वचित भेटते. बाकीच्यांत निदान शब्दाची सुरुवात टाइप करताच खाली नोंदींची यादी उघडली पाहिजे. तीही उघडत नसेल तर ते सोडून द्या.

यादी उघडत असली तरी शेपूट कुठे कापायचे ते आपल्याला कळायला हवे. ‘घोड्यावर’मधला ‘वर’ काढला की ‘घोड्या’ उरते. शेवटच्या ‘्या’मागे तीन शक्यता असतात: आकारान्त (घोडा), ईकारान्त (पाण्यात, मूळ पाणी) किंवा एकारान्त (मडक्यात, मूळ मडके). म्हणून ‘्या’ पूर्ण काढून ‘घोड’ इतकेच टाइप करा, तिन्ही शक्यता यादीत येतील. ‘पैशाने’ला ही युक्ती चालत नाही, कारण तिथे ‘स’चा ‘श’ झालेला असतो. ‘पैश’ टाइप करून ‘पैसा’ कधीच दिसणार नाही. माशाला, सशाला यांचेही तेच. ‘विहिरीत’, ‘दुधात’, ‘सुनेला’ यांत मूळचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झालेला असतो, तेव्हा ‘विही’, ‘दू’, ‘सू’ असे दीर्घ करून शोधा. क्रियापदाला ‘णे’ लावून बघा. गेला, आला, केले यांची मूळ रूपे मात्र पाठच हवीत: जाणे, येणे, करणे.

‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ या दोन शब्दांची चाचणी व्याकरणाची नाही, युनिकोडची आहे, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षरचिन्हासाठी जो ठरावीक संकेत साठवतो त्याची. ‘दुसऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होते: एका कळफलकावर ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, आत पहिल्यात ७ संकेत असतात आणि दुसऱ्यात ८. ‘ॲ’चेही तसेच: एकच संकेत, किंवा ‘अ’ अधिक चंद्र असे दोन. शंका आली तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस किती वेळा दाबावा लागतो ते मोजा. बहुतेक ठिकाणी मराठी मजकूर पुसताना एका दाबाला एक संकेत जातो. चांगले सॉफ्टवेअर दोन्ही रूपे एकच मानते. तसे होत नसेल तर कोश ज्या रूपात आहे ते शोधून काढा आणि तेच टाइप करत जा.

आता इंग्रजीकडून मराठीकडे. इथे ‘बिल’ हा एकच शब्द टाकला तरी पुरे. देयक, विधेयक आणि पक्ष्याची चोच हे तिन्ही अर्थ वेगवेगळे आणि कुठला कुठे वापरायचा त्या खुणेसह आले पाहिजेत. स्वल्पविराम देऊन तिन्ही एका ओळीत ओतलेले असतील तर मराठी येणाऱ्याचे भागेल, शिकणाऱ्याची फसगत होईल. नामापुढे लिंग दिले आहे का, तेही बघा. मराठीत तीन लिंगे असल्याने लिंगाशिवायची नोंद अर्धीच. शासकीय किंवा कायद्याचे भाषांतर करत असाल तर सामान्य कोशाच्या जोडीला भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ठेवा. अधिसूचना, परिपत्रक, अध्यादेश यांत गफलत करून चालत नाही. आणि यंत्रानुवादाचे ॲप म्हणजे कोश नव्हे. ते एक उत्तर देते, बाकीचे पर्याय झाकून ठेवते.

कोश आणि तो वाचणारे सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कॅसेट आणि टेपरेकॉर्डर होते तशा. कोश वाचणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरांत गोल्डनडिक्ट आणि त्याची सध्या चालू असलेली आवृत्ती गोल्डनडिक्ट-एनजी या कामाला उत्तम. स्टारडिक्ट, बॅबिलॉन, लिंग्वो, एमडिक्ट अशा अनेक प्रकारच्या कोशफायली ते वाचते.

मांडणी अशी करा. कोशफायलींसाठी एक कायमचा फोल्डर बनवा. उतरवलेली संकुचित फाइल आधी उलगडून मगच त्यात ठेवा. स्टारडिक्ट कोशाच्या किमान तीन फायली असतात, त्यांच्या नावांचे शेवट असे: आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट. शेवट सोडून तिघींचे नाव सारखे हवे आणि त्या एकत्रच हव्यात. एक जरी राहिली तरी कोश यादीत येत नाही. मग गोल्डनडिक्ट उघडून एफ३ दाबा, स्रोतांच्या टॅबमध्ये फोल्डर जोडा, आतले फोल्डरही तपासण्याच्या चौकटीत खूण करा आणि पुन्हा तपासणीचे बटण दाबा. मोठ्या कोशाची सूची बनायला पहिल्या वेळी वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. नंतर गटांच्या टॅबमध्ये ‘मराठी-इंग्रजी’ आणि ‘इंग्रजी-मराठी’ असे दोन गट करा. सगळे कोश एकाच गटात ठेवले तर प्रत्येक शब्दाला अर्धा पडदा नको त्या नोंदींनी भरतो.

वाचता वाचता शब्द बघायचा असेल तर तो निवडा आणि कंट्रोल दाबून धरून सी दोनदा दाबा. काहीच घडले नाही, तर एफ४ने सेटिंग उघडून तोच शॉर्टकट दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने अडवला आहे का ते तपासा. मॅकवर त्यासाठी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते.

जालावरच्या कोशांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून तोडीस तोड आहे. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात तो मोफत शोधता येतो आणि तिथेच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मात्र मोल्सवर्थचे लेखन आजच्या नियमांच्या आधीचे आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेले अनुच्चारित अनुस्वार त्यात जागच्या जागी आहेत: करणें, केळें, गांव. शेवटचा इकार-उकारही तत्सम शब्दांत ऱ्हस्व: कवि, गुरु. गंमत ‘नाव’ शब्दाची. तो टाकला की होडी मिळते. माणसाचे नाव हवे असेल तर ‘नांव’ लिहावे लागते. अनुस्वार देऊन आणि न देऊन असे दोनदा शोधण्याची सवय ठेवा. शिवाय दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे इंग्रजी अर्थ आहेत, ते तसेच्या तसे आजच्या भाषांतरात उचलू नका.

जुन्या पीडीएफमधून शब्द कॉपी करून चिकटवला आणि रोमन अक्षरांचा कचरा आला, तर तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधला आहे. त्या फाँटच्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणा. पाने नुसती चित्रे असतील तर टेसरॅक्टसारखे अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर मराठीसाठी चालते. पण अनुस्वार आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

सामान्यरूपांवरचा पक्का इलाज म्हणजे स्वतःचा पुरवणी कोश. तक्त्यात दोन स्तंभ करा, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. डावीकडे एकाच नोंदीची अनेक रूपे उभ्या दांडीने तोडून लिहा: पैसा|पैशा|पैशाने|पैशांचा. ही फाइल टॅबने विभागलेल्या मजकुराच्या रूपात सेव्ह करायची, आणि इथेच सगळे चुकतात. एक्सेलमधला साधा टॅबवाला पर्याय देवनागरीची प्रश्नचिन्हे करून टाकतो. ‘युनिकोड टेक्स्ट’ निवडले तर अक्षरे टिकतात, पण फाइल यूटीएफ-१६ होते (युनिकोड साठवण्याची एक पद्धत; आपल्याला हवी यूटीएफ-८ ही दुसरी). ती नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ एन्कोडिंगने पुन्हा सेव्ह करा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये सेव्ह करतानाच यूटीएफ-८ आणि टॅब हे दोन्ही निवडता येतात. मग पायग्लॉसरी या मोफत प्रोग्रामात ती फाइल देऊन स्टारडिक्ट प्रकारात रूपांतर करा, निघालेल्या फायली कोशांच्या फोल्डरात ठेवा आणि एफ३मधून पुन्हा तपासणी करा. अर्थाच्या चौकटीत एंटर दाबून ओळ तोडू नका. तुटलेली ओळ वेगळी नोंद म्हणून वाचली जाते, तिच्यात टॅब नसतो आणि अर्थाचा तेवढा भाग गळतो.