खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या लाल शेवाळावर अँटिबायोटिक कसं वापरावं?

वाळूवर आणि दगडांवर पसरणारा लालसर-जांभळा बुळबुळीत थर म्हणजे बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरिया. सगळे त्याला शेवाळ म्हणतात, पण ते जिवाणू आहेत. म्हणूनच एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक त्यांच्यावर लागू पडतं. थर हातभर जागेपुरताच असेल तर मात्र औषधाच्या फंदात पडू नका. सायफन मारा, प्रवाह वाढवा, दिवे कमी वेळ लावा आणि दोन-तीन आठवडे बघा.

१. ओळख पटवा. ड्रॉपरने पाण्याचा झोत मारला की सायनो पापुद्र्यासारखा सलग सुटतो. तपकिरी, शेंबडासारख्या तारा आणि त्यात अडकलेले बुडबुडे दिसले तर डायनोफ्लॅजेलेट्सचा (हे एकपेशीय जीव, जिवाणू नव्हेत) संशय घ्या. त्यांच्यावर हे औषध वाया जातं. बुडबुडे सायनोवरही असतात, त्यामुळे खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते: सायनोचे लांब धागे दिसतात, डायनोच्या सुट्या पेशी फिरताना दिसतात.

२. आधी उपसा. निघेल तेवढा थर सायफनने काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि तिथेच मासे गमावतात. मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. जितका थर बाहेर जाईल, तितका धोका कमी.

३. टँक तयार करा. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा आणि ओझोन बंद करा, नाहीतर औषध टिकणार नाही. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद ठेवा. एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावा, तोही रात्रंदिवस. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर हवा आणखी वाढवा आणि लगेच पाणी बदला.

४. मात्रा. लिटर मोजताना दगड आणि वाळूची जागा वजा करा, संपचं (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीचं) पाणी धरा. टँकसाठीचंच औषध घ्या, मात्रा पाकिटावरची. माणसांच्या गोळ्या कुटून टाकू नका. अनेक देशांत अँटिबायोटिकला पशुवैद्यकाची चिठ्ठी लागते.

५. पुढचे दिवस. अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासा, कारण उपयोगी जिवाणूंनाही झळ बसू शकते. पाकिटावरची मुदत (बऱ्याचदा ४८ तास) संपली की २० ते २५ टक्के पाणी बदला, कार्बन परत घाला. काढलेलं पाणी ओढ्यात किंवा समुद्रात ओतू नका. स्किमर सुरू केल्यावर काही दिवस फेस उतू जाईल. कप वारंवार रिकामा करा.

६. मूळ कारण. थर परत आला तर दुसरा डोस टाकण्याआधी फॉस्फेट, नायट्रेट आणि प्रवाह तपासा. नायट्रेट शून्यावर असणंही चांगलं नाही, तेव्हाही सायनो फोफावतो. आणि जिथे थर पुन्हा धरतो तिथे पावरहेडचं (टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचं) तोंड वळवा.