सिलिकॉन-जर्मेनियम नॅनो केलं, तरी झेडटी का वाढत नाही? या चुका टाळा

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कुणी थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेतून थेट वीज देणारे पदार्थ) विषय घेतला, की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, बॉल मिल (गोळ्यांनी पूड दळणारं यंत्र) किती तास चालवायची?" कण जितका बारीक तितका झेडटी जास्त, असं डोक्यात बसलेलं असतं. झेडटी म्हणजे पदार्थ उष्णतेतून किती चांगली वीज करतो ते सांगणारा आकडा: सीबेकचा (तापमानातल्या दर अंश फरकामागे मिळणाऱ्या व्होल्टेजचा) वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. कण बारीक करणं पुरेसं आहे असं मानणं, ही पहिली चूक.

साध्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनची उष्णतावाहकता सुमारे १५० वॉट प्रति मीटर-केल्विन असते, म्हणून त्याचा झेडटी ०.०१ च्या आसपासच अडकतो. जर्मेनियम मिसळलं की वाहकता १० च्या खाली येते, कण नॅनो केले की आणखी उतरते. उष्णता नेणाऱ्या फोनॉनांपैकी (अणूंच्या कंपनलहरींपैकी) बरेचसे शेकडो नॅनोमीटर न अडखळता जातात, इलेक्ट्रॉनची झेप मात्र काही नॅनोमीटरचीच. त्यामुळे कणांच्या सीमांवर फोनॉन अडतात आणि इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी निसटतात. २००८ मध्ये एन-टाइप (इलेक्ट्रॉन वीज वाहतात अशा) सिलिकॉन-जर्मेनियमचा झेडटी ९०० अंश सेल्सिअसला १.३ पर्यंत गेला, तो याच बळावर. पण इलेक्ट्रॉनसुद्धा अडायला लागले, तर एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

ते अडतात बहुधा ऑक्साइडमुळे. मिल थांबली की घाईने जार उघड्यावर उघडतात. आतली पूड गरम असते, कणांचे पृष्ठभाग ताजे असतात आणि ते हवेतला ऑक्सिजन लगेच धरतात. कधी कधी पूड चक्क पेट घेते. जार पूर्ण थंड होऊ द्या, आर्गॉनच्या ग्लव्हबॉक्समध्येच उघडा आणि साच्यात भरेपर्यंत पूड बाहेर काढू नका. टंगस्टन कार्बाइडचा जार असेल, तर ईडीएसमध्ये (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) टंगस्टन शोधा. फार वेळ दळलं की तो हमखास उतरतो.

विद्युतवाहकता कमी आली, तर अंदाज बांधत बसू नका, हॉल मापन (चुंबकीय क्षेत्रात वीज वाहकांची संख्या आणि गतिशीलता काढणारं मापन) करा. वाहकांची संख्या ठीक आहे आणि गतिशीलता पडली आहे? मग ऑक्साइड, सच्छिद्रता किंवा अपुरं सिंटरिंग (तापवून कण एकमेकांना जोडणं) तपासा. संख्याच कमी आहे? मग डोपिंगचा (वाहक वाढवायला मिसळलेल्या परक्या अणूंचा) दोष. फॉस्फरसचं डोपिंग असलेला पेलेट (पूड दाबून केलेली वडी) मधल्या तापमानांना रेंगाळला, की फॉस्फरस घन द्रावणातून बाहेर पडतो. हॉट प्रेस (पूड तापवत दाबणारी भट्टी) चालू असताना वीज गेली आणि पेलेट आपल्या चालीने थंड होत बसला, की नेमकं हेच घडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात याचा धोका जास्त, म्हणून जनरेटरची सोय पाहूनच भट्टी लावा. उच्च तापमानाला पुन्हा तापवलं, की फॉस्फरस परत विरघळतो, पण त्यात कण वाढतात. तापवण्याआधी आणि नंतर एक्स-रे विवर्तन घेऊन कणांचा आकार ताडून पाहा.

मापनातल्या चुका मला जास्त सलतात, कारण त्या खोटा आनंद देतात. लेझर फ्लॅशमधून (पेलेटच्या एका बाजूवर लेझरचा झोत टाकून दुसरी बाजू किती लवकर तापते ते पाहणाऱ्या पद्धतीतून) मिळते ती विसरणशीलता, म्हणजे उष्णता पसरण्याचा वेग. तिला घनता आणि विशिष्ट उष्णतेने गुणल्यावर उष्णतावाहकता मिळते. इथे सवयीने सिलिकॉनची २.३३ ही घनता घातली जाते. २० टक्के जर्मेनियम असलेल्या मिश्रधातूची घनता ३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास असते. पेलेट पूर्ण घट्ट असेल, तर या एका आकड्याने झेडटी जवळजवळ १.३ पट फुगतो! आर्किमिडीजच्या पद्धतीने स्वतःच्या पेलेटची घनता मोजा आणि तीच घाला.

दिशेचंही तसंच. विसरणशीलता दाबाच्या दिशेने मोजायची, सीबेक आणि वाहकता त्याच्या आडव्या दिशेने, आणि तिन्ही एकाच सूत्रात घालायची, हे बरोबर नाही. आधी दोन्ही दिशांना वाहकता मोजून फरक नाही हे दाखवा.

सीबेक मोजताना मे महिना लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत ४० अंश असताना थर्मोकपलचा (दोन धातूंच्या तारांच्या तापमापकाचा) थंड सांधा, म्हणजे मापकाला जोडलेलं टोक, २५ अंशांवर धरला, तर दोन्ही टोकांची वाचनं साधारण सारखीच चुकतात. तापमानातला फरक जेमतेम बदलतो, पण सरासरी तापमान १५ अंशांनी खोटं निघतं. थर्मोकपलच्या मिश्रधातूच्या तारांचा स्वतःचा सीबेकही हिशेबात घ्या: क्रोमेलचा सुमारे २२ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, अल्युमेलचा उणे १८. झेडटीच्या सूत्रात सीबेकचा वर्ग आहे, त्यामुळे तिथली ५ टक्क्यांची चूक झेडटीत १० टक्के होते. प्रबंधात झेडटीचा आकडा लिहाल, तेव्हा त्याच्या शेजारी ही अनिश्चितता लिहा.