पैशाचा फटका बसल्यावर डोकं परत जागेवर कसं आणायचं

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान बसलं. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, वाढदिवसाचे बोर्ड नाहीत, मग फ्लेक्स कोण छापणार. मशीनचं लोन, दोन क्रेडिट कार्डं, मित्राकडून हातउसने घेतलेले आणि उचलून बसलेली भिशी, सगळं मिळून साडेअकरा लाख. आता ते फिटलंय. पैसे कसे फेडले यापेक्षा डोकं कसं ताळ्यावर आलं तेच सांगतो, कारण फटका सगळ्यांनाच बसतो पण त्यातून बाहेर आल्यावर परत त्याच खड्ड्यात पडणारी माणसं मी जास्त बघितलीत.

आणि एक आधीच सांगतो, अमिताभ बच्चनचं उदाहरण देणार नाही. कंपनी बुडाली, २००० साली केबीसी आलं, सगळं फेडलं, खरंय सगळं, पण त्याच्याकडे तो चेहरा आणि तो आवाज होता. आपल्याकडे जुनी मशीन आणि सासऱ्यांचे टोमणे.

स्टेप १: एका फटक्यात भरून काढायचं खूळ आधी काढा

मला वाटायचं दुकानाने घालवलं ते मार्केटमधून आणू. शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव वर जाणार की खाली यावर लावायच्या सौद्यांत, पहिल्या आठवड्यात नऊ हजार सुटले आणि तिथेच वाट लागली, चार महिन्यांत दीड लाख गेले, म्हणजे वर दिलेल्या साडेअकरातले दीड या शहाणपणाचे. नंतर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा रिपोर्ट आला, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, करणाऱ्या एक कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी ९३ टक्के लॉसमध्ये, एकूण लॉस १.८ लाख कोटींच्या वर. वाचून वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, म्हणजे मी एकटाच येडा नव्हतो.

कानमन आणि ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की हजार मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख बरंच मोठं असतं, आणि तोट्यात असलेला माणूस एरवी घेणार नाही अशी रिस्क घेतो. म्हणून नियम करा, फटक्यानंतर तीन महिने कुठलीही नवी गुंतवणूक नाही, नवा धंदा नाही, कुणाची 'गॅरंटीड स्कीम' तर अजिबात नाही. ट्रेडिंगचं ॲप मोबाईलमधून उडवा. तेवढ्यानेच अर्धी रात्र शांत झोप लागते.

स्टेप २: वही काढा

मोबाईल नको, एक्सेल नको, साधी दोनशे पानी वही. कोणाचे किती, व्याज किती, हप्त्याची तारीख कुठली, किती हप्ते थकलेत, सगळं हाताने लिहा. मी हे सात महिने टाळलं कारण आकडा माहीत नाही तोवर तो खरा नाही असं वाटत राहतं. पण लिहून काढल्यावर कळतं की सगळी कर्जं सारखी नसतात. कार्डाला महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस, एक लाख थकले तर महिन्याला ३५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ६३०, आणि मूळ लाख तसेच उभे. मशीनचं लोन त्यापुढे गरीब गाय. आणि मी मात्र कार्डाचं मिनिमम ड्यू भरून लोनचा हप्ता मात्र पूर्ण भरत होतो, कारण बँकेतला साहेब ओळखीचा होता आणि लाज वाटायची.

सोबत सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात कधी कधी आधीच फिटलेलं कर्जही चालू दिसतं, ते तक्रार करून काढून घ्यायचं.

फेडायचा क्रम कसा लावायचा यावर लोक भांडतात. हिशोबाने जास्त व्याजाचं आधी फेडावं. पण मी सगळ्यात आधी मित्राचे बावीस हजार दिले, व्याज शून्य असून, कारण त्याच्या गल्लीतून जाता येत नव्हतं. ते दिल्यावर मान जरा वर झाली, मग कार्डाच्या मागे लागलो.

स्टेप ३: घरी सांगा

ही सगळ्यात अवघड स्टेप. मी बायकोला वर्षभर काही बोललो नव्हतो, दुकान बंद असूनही सकाळी डबा घेऊन निघायचो आणि तळ्याकाठी बसायचो. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, आणि मी तर तेच सोंग रोज डबा घेऊन करत होतो. एका रविवारी वही तिच्यापुढे ठेवली. ती दहा मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "अहो, मला वाटलं तुमचं बाहेर काहीतरी चालू आहे." मग रडली, मग चिडली, मग तिनेच पेन घेऊन भिशीची तारीख दुरुस्त केली, मी चुकीची लिहिली होती.

पोरांनाही वयाप्रमाणे सांगा. माझ्या मुलीने स्वतःहून सहलीचं नाव काढलं नाही, त्याचं वाईट वाटतं अजून, पण ती घाबरली नाही हे महत्त्वाचं.

घरी सांगण्यासारखं कुणीच नसेल किंवा रात्री भलतेसलते विचार येत असतील तर १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतही बोलतात. त्यात कमीपणा काही नाही.

स्टेप ४: फोन उचला

घेणेकऱ्याचा फोन टाळला की आपण मनात त्याला राक्षस करून ठेवतो. उचला आणि जमेल तेवढीच रक्कम, जमेल तीच तारीख सांगा. 'बघतो पुढच्या आठवड्यात' बोलायचं नाही, 'दहा तारखेला दोन हजार देतो' आणि द्यायचे. वसुलीवाल्यांना आरबीआयच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ धमकी तर नाहीच, कोणी केली तर तारीख वेळ वहीत लिहा आणि लेखी तक्रार करा.

बँकेत स्वतः जा, हप्ता ९० दिवस थकायच्या आत जा, त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं आणि बोलणीच बदलतात. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का ते विचारा. सेटलमेंटला, म्हणजे थोडे भरा बाकी सोडतो याला, लगेच हो म्हणू नका, सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शिक्का राहतो आणि पुढच्या लोनला तोच आडवा येतो, पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड' लागतं.

स्टेप ५: टंचाईतलं डोकं ओळखा

तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, तीच माणसं तोडणीच्या आधी पैसे नसताना आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर, दोन्ही वेळा त्यांना सारख्याच चाचण्या दिल्या तर आधीच्या वेळी कमी मार्क पडले. माणूस तोच, फक्त खिसा वेगळा. आपल्याकडे सांगली कोल्हापूरकडच्या ऊसवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय, तर निर्णय कमी करायचे. पैसे आले त्याच दिवशी वाटून टाकायचे, किराणा, फी, हप्ते, आणि पाचशे रुपये वेगळ्या खात्यात, कर्ज असलं तरीही. लोक म्हणतात आधी कर्ज फेड, पण ते पाचशे नसले की गाडी पंक्चर झाली तरी परत कार्ड बाहेर येतं. रात्री नऊनंतर पैशाचा कुठलाही निर्णय नाही.

स्टेप ६: चूक किती, नशीब किती

वहीच्या शेवटच्या पानावर मध्ये रेघ मारा. माझ्या एका बाजूला लॉकडाऊन, दुसऱ्या बाजूला गरज नसताना घेतलेली दुसरी मशीन, उधारीवर दिलेला माल आणि ते ऑप्शन्स. सगळं स्वतःवर घेतलं तर माणूस खचतो, सगळं नशिबावर ढकललं तर पुढच्या वेळी परत दुसरी मशीन घेतो.

स्टेप ७: पैसे परत यायला लागल्यावर जास्त सांभाळा

आता मी दुसऱ्याच्या प्रेसमध्ये डिझायनिंग करतो आणि घरून लग्नपत्रिकांचं काम घेतो, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फाईल उघडत नाही. घराचं खातं वेगळं, कामाचं वेगळं. मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्स आधी, नवा टीव्ही नंतर. चार पैसे दिसायला लागले की नातेवाईकांनाही दिसतात, आणि मग कोणीतरी जामीन राहा म्हणून येतो. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, त्याने नाही भरलं तर बँक तुमच्या दारात. माझा चुलतभाऊ मागच्या वर्षी ट्रॅक्टरच्या लोनसाठी आला होता, त्याला चहा दिला, वही दाखवली आणि नाही म्हणालो. गणपतीला आला नाही. दिवाळीला येईल बहुतेक.