जुन्या फोटोतला बॉबकट कुठल्या काळातला? आधी मान बघा

नाटकांची केशभूषा करते मी. दिग्दर्शक एखादा जुना फोटो पुढे करतात, ‘केस अस्सेच हवेत’ म्हणतात, आणि साल विचारलं की गप्प. मग ते मलाच काढावं लागतं.

कपाळावरच्या झुलपांवर जाऊ नका. ती दर पिढीत परत येतात. बाजूने किंवा पाठमोरा काढलेला फोटो शोधा आणि मान बघा.

मानेवरचे केस मशीन फिरवल्यासारखे निमुळते होत गेलेत आणि डोक्याचा आकार चप्प दिसतोय? मग तो ‘शिंगल’, म्हणजे १९२०च्या दशकाचा मध्य. तेव्हा क्लॉश टोपी आली होती. उपड्या घंटेसारखी, भुवयांपर्यंत ओढून घालायची. तिच्याखाली अंबाडा मावणार कसा? बायकांचे केशभूषाकार कापायला तयार नसत, म्हणून कित्येकजणी सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे जात. त्याहून आखूड, तेल लावून डोक्याला चिकटवलेले केस म्हणजे ‘ईटन क्रॉप’. त्या काळातली नर्तकी जोसेफिन बेकर हिचा फोटो आठवा.

इथे मी एकदा सपशेल आपटले आहे. १९२६ सालच्या प्रसंगाला साठच्या दशकातला फुगीर विग चढवला. रंगीत तालमीत टोपी घातली तर ती डोक्यावर नुसती टेकून राहिली, तांब्यावर वाटी ठेवावी तशी! तेव्हापासून फोटोतल्या बाईला मी मनातल्या मनात क्लॉश घालून बघते. बसली नाही, तर विसाचं दशक बाद.

तिसाच्या दशकात केस पुन्हा मानेवर उतरले, टोकांना लाटा आल्या. १९५३मध्ये ‘रोमन हॉलिडे’त ऑड्री हेपबर्नने केस कापले, तिथून पुढे आखूड, पण मऊ वळणाचे केस दिसतात.

मागे आखूड, पुढे हनुवटीकडे तिरकी उतरणारी धारदार रेघ असेल, तर १९६३ किंवा नंतरचं धरा. त्या वर्षी लंडनचा केशभूषाकार व्हिडाल ससून याने अभिनेत्री नॅन्सी क्वानचे केस असे कापले. रोलर, स्प्रे यांची गरज नाही. मान झटकली की केस आपोआप जागेवर. सगळी करामत कात्रीची, म्हणून विगमध्ये उतरवायला हाच कट सगळ्यात त्रासदायक. मान उघडी आणि वर थरांचा गोल टोप दिसला, तर १९७६च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या फिगर स्केटर डॉरोथी हॅमिलचा ‘वेज’ कट आठवा.

मात्र तरुणपणीचा कट जन्मभर ठेवणाऱ्या बायका असतात, त्यामुळे समूहफोटोत सगळ्यात तरुण मुलगी निवडा. आणि विसाच्या दशकातल्या फोटोत कानांशी बॉब पण मानेपाशी फुगवटा दिसला, तर समजा, बाईंनी केस कापलेलेच नाहीत. लांब केस आत दुमडून आकडे लावलेत. अशा भूमिकेसाठी विग मागवू नका, नटीचे स्वतःचे लांब केस असतील तर तेच दुमडा.